सावकारीत अडकलेल्या भाडेपावत्या आणि न मिळालेला आवक क्रमांक : माझा अनुभव

माझी आई मुंबईतल्या बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या चाळींपैकी एकीत, राहते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून या चाळींच्या २०७ इमारती होत्या आणि त्यांतली १६० चौरस फुटांची खोली, जिला आम्ही गाळा म्हणतो, आजोबांच्या काळापासून आमच्याकडे सरकारचे भाडेकरू म्हणून आहे. आमची इमारत चारपैकी कोठली हे मुद्दामच सांगत नाही, कारण त्यावरून पुढे येणारे कार्यालय ओळखता येईल, आणि माझा राग एका टेबलावर आहे, सबंध खात्यावर नाही. निदान आता तरी नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये वडिलांची अँजिओप्लास्टी झाली. विम्याचे पैसे पुरले नाहीत, साठ हजार कमी पडले, आणि वडिलांनी ते मला न सांगता आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंकडून टक्क्याने घेतले. मी डोंबिवलीला राहते, नोकरी करते, पैसे मागितले असते तर कसेही करून उभे केले असते. पण मुलीकडून पैसे घेण्यापेक्षा शेजारणीकडून व्याजाने घेणे त्यांना कमी संकोचाचे वाटले. दर दहा टक्के महिना. पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून काकूंनी चोपन्न हजार हातावर ठेवले, एका शंभराच्या कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही घेतली, आणि तारण म्हणून गाळ्याच्या मूळ भाडेपावत्या व आजोबांच्या नावाचे वाटपपत्र स्वतःकडे ठेवून घेतले. पूर्वी व्याजाने पैसे देणारे दागिना मागत असत. चाळींच्या पुनर्विकासात प्रत्येक भाडेकरूला ५०० चौरस फुटांची सदनिका मालकी हक्काने मिळणार हे ठरल्यापासून आमच्या इमारतीत मात्र पावत्या मागितल्या जाऊ लागल्या होत्या.

डिसेंबर २०२२ मध्ये वडील गेले, तोवर त्यांनी निवृत्तिवेतनातून दरमहा सहा हजार रुपये न चुकता दिले होते. आधी कापलेला हप्ता धरून एकूण एक लाख बत्तीस हजार, आणि साठ हजारांचे मुद्दल जसेच्या तसे. मी लेखापाल असल्यामुळे हा हिशेब मी एका संध्याकाळी मांडला आणि त्या रात्री जेवले नाही.

गाळा आईच्या नावावर करून घेण्यासाठी मूळ पावत्या लागतात, हे समजल्यावर मी काकूंकडे गेले. त्या अतिशय गोड बोलल्या. चहा केला, वडिलांची आठवण काढून डोळे पुसले, आणि मुद्दल व तीन महिन्यांचे थकलेले व्याज मिळाले की कागद तुझेच आहेत, असे म्हणाल्या. अशा माणसाला सावकार म्हणायला जीभ वळत नाही, आणि मला वाटते, हा धंदा चालतो तो यामुळेच. दारात गुंड येऊन उभा राहिला असता तर वडिलांनी त्याच्याकडून दहा रुपयेही घेतले नसते.

कायदा अगदी स्पष्ट आहे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा व्यवसाय करणे हा गुन्हा असून त्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या कर्जदाराकडून तारणी कर्जावर वर्षाला १५ टक्के आणि विनातारण कर्जावर १८ टक्के यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, आणि वसूल केलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये. आमच्या काकूंचा दर वर्षाला १२० टक्के पडत होता. तक्रार सहकार खात्याकडे करायची असते. मुंबईत सहकारी संस्थांचे विभागवार उपनिबंधक हेच सावकारीचेही काम पाहतात. मी आधी पोलीस ठाण्यात गेले होते. तेथे, हा विषय सहकार खात्याचा आहे, असे सांगून मला परत पाठवण्यात आले, त्यात एक दिवस गेला. एक दिवस म्हणजे एक रजा, कारण शासकीय कार्यालयांचा पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून शनिवार उपयोगाचा राहिलेला नाही.

मार्च २०२३ मध्ये मी व्यवस्थित टंकलिखित केलेला चार पानी अर्ज, हिशेबाचा तक्ता आणि वडिलांच्या पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन उपनिबंधक कार्यालयात गेले. टेबलावरच्या गृहस्थांनी अर्ज हातात घेतला, दोन पाने उलटली, एका लाल फितीच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि साहेब पाहतील असे सांगितले. मी पोच मागितली. त्यावर त्यांनी, ‘‘मॅडम, अर्ज घेतला ना? मग पोच कशाला?’’ असे विचारले, आणि मी, सोळा वर्षे हिशेबाची कागदपत्रे सांभाळणारी बाई, हसून बाहेर पडले. स्वतःच्या कार्यालयात मी विनापोच एक व्हाउचर पुढे सरकू देत नाही. त्या दिवशी मला लोकलची वेळ दिसत होती.

मे महिन्यापर्यंत काहीच झाले नाही. चौकशीला गेले तेव्हा पहिला प्रश्न आला तो आवक क्रमांकाचा, म्हणजे आलेल्या अर्जाच्या नोंदीच्या क्रमांकाचा. तो नव्हता, म्हणून अर्जही नव्हता. गठ्ठा पाहा असे मी म्हटले, तर गठ्ठा दुसऱ्या खोलीत गेला होता आणि त्या खोलीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते प्रशिक्षणाला गेले होते. मी नवा अर्ज केला. या वेळी त्याच गृहस्थांनी तो लक्षपूर्वक वाचला आणि परत केला, कारण कर्ज घेणारा मयत असल्यामुळे अर्ज मुलीला नव्हे, तर वारसाला, म्हणजे आईला करावा लागेल. मुलगीही वारस असते, तरी हे म्हणणे तेव्हा मला पटले. आईच्या सहीने तिसरा अर्ज नेला, तेव्हा आई वारस आहे याचा पुरावा मागण्यात आला, आणि कसला पुरावा चालेल असे विचारल्यावर उत्तर आले, ‘‘गाळा त्यांच्या नावावर झाल्याचे पत्र आणा.’’

हे वाक्य मला अजूनही रात्री आठवते. गाळा नावावर होण्यासाठी मूळ पावत्या हव्या होत्या, पावत्या मिळण्यासाठी तक्रार नोंदली जायला हवी होती, तक्रार नोंदली जाण्यासाठी आई वारस ठरायला हवी होती, आणि वारस ठरण्यासाठी गाळा नावावर व्हायला हवा होता. मी हे त्या गृहस्थांना कागदावर चौकोन काढून, बाण दाखवून समजावले. त्यांनी चौकोनाकडे बराच वेळ पाहिले आणि तो बरोबर असल्याचे मान्य केले. त्यांना तो बदलता येत नव्हता. ते वाईट होते असे मी म्हणणार नाही. त्यांच्या टेबलावर गृहनिर्माण संस्थांच्या भांडणांचे इतके ढीग होते की सावकारीची तक्रार म्हणजे त्यांना वाट चुकून आलेला पाहुणा वाटत असावा. पण आई त्या दिवशी माझ्याबरोबर आली होती, अडीच तास लाकडी बाकावर बसली होती, आणि परतताना बसमध्ये म्हणाली, ‘‘देऊन टाकू या का साठ हजार? निदान ती चहा तरी विचारते.’’

पैसे देऊन मोकळे होण्याच्या बेतात मीही आले होते, हे लपवण्यात अर्थ नाही. धाकट्या भावाने तर मोबाइलवरच्या एका ॲपमधून पाच मिनिटांत कर्ज काढतो असे सांगितले. ते ॲप कोणत्या बँकेचे किंवा रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कोणत्या वित्तसंस्थेचे आहे, हे त्याला सांगता येईना. शिवाय ते त्याच्या फोनमधील सगळे संपर्क मागत होते. मी त्याला ते काढून टाकायला लावले. वसुलीसाठी नातेवाइकांना शिवीगाळ करणारी अशी ॲपे हीसुद्धा अवैध सावकारीच आहे, फक्त तिला चहा करता येत नाही. असा त्रास झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ संकेतस्थळावर तक्रार करता येते आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक आहे. खरोखर निकड असेल तर आधी नोकरीच्या ठिकाणची पतपेढी आणि वस्तीतला बचत गट येथे विचारावे. वडिलांना आपल्या जुन्या पतपेढीची आठवण झाली नाही, कारण ती अर्जावर जामीनदाराची सही मागते आणि सही मागितली की गोष्ट चारचौघांत होते.

हा फेरा सोडवला तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने नेमून दिलेल्या एका वकीलबाईंनी. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी तेथे विनामूल्य कायदेशीर साहाय्य मिळते, हे मला फेब्रुवारीत माहीत असते तर मी पोलीस ठाण्याची पायरीही वकिलाबरोबरच चढले असते. १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक आहे. वकीलबाईंनी मृत्यू प्रमाणपत्र, शिधापत्रिका आणि आईचे व आम्हा दोन्ही भावंडांचे एक प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडले, आणि या टप्प्यावर एवढे पुरेसे आहे, नाही असे वाटत असेल तर तसे लेखी द्यावे, अशी ओळ अर्जात घातली. लेखी द्यायला कोणीच तयार झाले नाही. अर्ज घेतला गेला, गोल शिक्का बसला, त्यात निळ्या शाईने आवक क्रमांक पडला, आणि मी त्याचा जागच्या जागी फोटो काढला. त्याच दिवशी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकाराखाली मार्चमधल्या अर्जाचे काय झाले, हेही विचारून ठेवले. ते केवळ रागापोटी केले. पण माझ्या समजुतीने पुढची हालचाल झाली ती त्यामुळेच, कारण आठवडाभरात ती कुलूपबंद खोली उघडली आणि साहेबांनी स्वतः फोन केला.

बाकीचे लवकर झाले. सप्टेंबरमध्ये सावकारी कायद्याच्या कलम १६ खाली सहकार खात्याच्या पथकाने दोन पंच आणि पोलीस घेऊन काकूंच्या घराची झडती घेतली. पीठ ठेवण्याच्या डब्यात नऊ जणांच्या भाडेपावत्या, सही केलेले कोरे धनादेश आणि चार एटीएम कार्डे निघाली. वहीत वडिलांच्या नावापुढे दर महिन्याला सहा हजारांची नोंद होती. आमच्याकडे एकही पावती नव्हती, तरी पासबुकातून दर महिन्याच्या पाच तारखेला काढलेली रक्कम या नोंदींशी जुळली, त्यामुळे मी केलेला तक्ता सुनावणीत उपयोगी पडला, याचा मला अजून थोडा अभिमान आहे. ज्यांचे व्यवहार असे चालू आहेत त्यांनी रोख देऊ नये. द्यावी लागलीच तर खात्यातून काढून द्यावी आणि तारीख एकच ठेवावी.

जानेवारी २०२४ मध्ये कागद परत मिळाले आणि त्यानंतर महिन्याभरात गाळा आईच्या नावावर झाला. काकूंवर गुन्हा दाखल झाला असून प्रकरण न्यायालयात आहे. त्या अजूनही त्याच मजल्यावर राहतात, आणि नळाला पाणी आले की आईला हाक मारतात. इतर आठ घरांपैकी पाचांनी साक्ष दिली, तिघांनी मागच्या दाराने हिशेब मिटवला. माहितीच्या अधिकाराचे उत्तरही एकोणतिसाव्या दिवशी आले होते : सदर अर्ज अभिलेखात आढळून येत नाही.

मूळ पावत्या मी डोंबिवलीला माझ्या कपाटात आणून ठेवल्या आहेत. आईकडे त्यांच्या रंगीत झेरॉक्स आहेत, आणि त्याच मूळ आहेत असे तिला सांगितले आहे.