दार बंद केलं की विझणारा दिवा

जुलैतली दुपार, पाऊस संततधार. पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात एक ताई गाडी घेऊन आल्या. नर्स आहेत, रात्रपाळी असते. गाडी किल्ली खिशात ठेवून उघडणारी. हँडलवरच्या बटणाभोवतीचा पांढरा दिवा पेटत नव्हता. "दादा, पार्किंगमध्ये मिट्ट काळोख असतो. तो दिवा दिसला की जिवात जीव येतो," म्हणाल्या. एका वर्कशॉपने पूर्ण हँडल बदललं होतं. आठवडाभर दिवा चालला, मग पुन्हा अंधार.

फ्यूज ठीक होता. दाराचं आतलं पॅड उतरवलं, ताईंनी किल्लीचं बटण दाबलं आणि दिवा पेटला! व्होल्ट मोजायचं मीटर लावलं, सगळं जागच्या जागी. पॅड बसवून दार लावलं, दिवा बंद. पुन्हा उघडलं, पेटला. मग लक्षात आलं, आम्ही सगळेच दार उघडं ठेवून तपासतो आणि ताईंना दिवा हवा असतो तो दार बंद असताना.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब तार आत ओढून घेतली, पॅड काढलेल्या दाराशेजारी सीटवर बसलो आणि दार लावून घेतलं. दिवा वीसेक सेकंदच राहतो, म्हणून ताई बाहेर छत्री धरून पुन्हा पुन्हा बटण दाबत होत्या. आधी दिव्याचा कपलर, म्हणजे तारांचा प्लग, काढून दोन पिनांवर मीटर धरलं, तर 12 व्होल्ट. इथेच माणूस फसतो. मीटर स्वतः करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे ओलसर गंजातून झिरपणारा करंटसुद्धा त्याला पुरतो आणि आकडा पूर्ण दिसतो. कपलर पुन्हा जोडला आणि मागून मीटरच्या सुया खुपसून मोजलं. पॉझिटिव्ह पिन ते बॅटरीचं निगेटिव्ह 12.1, म्हणजे पुरवठा खणखणीत. मग दिव्याची अर्थची पिन, म्हणजे करंट निगेटिव्हकडे परत नेणारी, ते बॅटरीचं निगेटिव्ह. इथे जवळपास शून्य यायला हवं. आलं 9.4. दार उघडलं, 0.03. लावलं, पुन्हा 9.4.

दोष दिव्यात नव्हता, हँडलमध्ये तर नव्हताच. अर्थची तार वाटेत तुटली होती आणि दार हलताना जिथे घडी पडते, तिथेच. दार ज्याला टांगलेलं असतं तो खांब आणि दार यांच्यामधला रबरी बूट, म्हणजे तारांवरची रबरी नळी, सोडवला. आत बारा तारा. वरून एकीलाही ओरखडा नाही. माझ्या उस्तादांनी शिकवलेली एक गोष्ट मी अजून करतो: प्रत्येक तार दोन बोटांत धरून हलकेच ताणायची. आत तांबं शाबूत असेल तर तार ताणत नाही. काळी बारीक तार रबरासारखी लांबली. सोलली तर आत तांबं कळकून हिरवी भुकटी झालेली. बूट खालच्या बाजूने चिरला होता, तिथून पाणी आत जात असणार. दार उघडं असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकत, बंद झालं की सुटत. कुलपाच्या बटणाची अर्थ वेगळी होती, म्हणून दार उघडायचं आणि दोष दिव्यावर जायचा.

नाना पेठेतून बारीक तारांची लवचीक वायर आणि नवा बूट आणायला मुलाला पाठवलं. तो भिजून परतला तोवर बाकीच्या तारा पाहिल्या. खिडकीच्या स्विचची एक तार तडकलेली सापडली, तीही बदलली. जोड घडीच्या जागी ठेवायचा नाही, हे मी फार कटाक्षाने पाळतो. जोडाला लावलेलं सोल्डर ताठ असतं, घडीत आलं तर त्याच्याच कडेला तार तुटते. म्हणून एक जोड दारात आत घेतला, दुसरा खांबात. वरून आतून डिंक असलेली, तापवली की आवळणारी स्लीव्ह गरम करून बसवली.

दार लावून मोजलं, 0.02. ताईंनी बटण दाबलं, दिवा पेटला. दार वीस-पंचवीस वेळा उघड-बंद केलं. बूटवर पाण्याचा पाइप धरला. पेटतच राहिला.

मग ताई म्हणाल्या, "जुनं हँडल डिकीत आहे. वर्कशॉपवाले म्हणाले खराब झालंय." मी म्हटलं, "आणा, बघू." नव्याचा कपलर काढून जुन्याला लावला. ताईंनी बटण दाबलं. हँडल माझ्या तळहातावर होतं आणि त्यातला दिवा लख्ख पेटला. ताई काही बोलल्या नाहीत. दिवा विझेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिल्या, मग ओढणीने ते हँडल पुसून पर्समध्ये ठेवलं.