तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या का देत नाहीस?’

बारशाला, हळदीकुंकवाला, शाळेच्या फाटकाशी, सगळीकडे हेच ऐकते. “तुझ्या मुलाचं जी-सिक्स-पीडी कमी आहे ना? मग अँटिऑक्सिडंट सुरू कर की!” काळजीपोटी म्हणता, ठाऊक आहे. तरी आता थकले.

जी-सिक्स-पीडी हे एक एन्झाइम; माझ्या मुलात ते जन्मापासून कमी. त्याच्या तांबड्या रक्तपेशींत अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशनच्या माऱ्यापासून पेशी वाचवणारं द्रव्य, आहेच. ग्लुटाथायोन. हायड्रोजन पेरॉक्साइडला ते निकामी करतं आणि त्यात स्वतः खर्ची पडतं. त्याला पुन्हा उभं करायला एनएडीपीएच हे रसायन लागतं. इतर पेशींना ते मिळवायच्या आणखी वाटा आहेत; तांबड्या पेशीला एकच, जी-सिक्स-पीडीची. तीच त्याची अरुंद आहे. वरून गोळ्या ओतून ती रुंद होत नाही. उलट ‘सी’ जीवनसत्त्वाचा मोठा डोस अशा माणसाच्या पेशी फोडू शकतो. लिंबू-आवळा तो खातोच.

गोळी म्हणजे चांगलीच, असं मीही मानायचे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. 1994 साली निकाल आला: बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्के जास्त. ते वाचलं तेव्हा हादरले होते.

पण खरं कारण ती गोधडी आहे.

तो सव्वा वर्षाचा होता. आईने ट्रंकेतली गोधडी काढून त्याच्या अंगावर घातली, जुन्या लुगड्यांची, मऊसूत. डांबरगोळ्यांचा वास येत होता. मला तो आवडायचा, माहेरचा वास. तिसऱ्या दिवशी लंगोट बदलताना लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची. डोळे पिवळे, ओठ पांढरेफटक. रात्री रक्त चढवावं लागलं. डांबरगोळीतलं नॅप्थलीन अंगात गेलं की पेशींवर ऑक्सिडेशनचा मारा होतो. तुमच्या-माझ्या पेशी तो झेलतात, त्याच्या फुटल्या. जी-सिक्स-पीडीची तपासणी तेव्हा नॉर्मल आली! जुन्या पेशी फुटून गेलेल्या, नव्या कोवळ्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. तीन महिन्यांनी पुन्हा केली तेव्हा कळलं.

वॉर्डाबाहेर मी आईला नको ते बोलले. चार लोकांसमोर. पुढे कळलं, हा दोष एक्स गुणसूत्रावरचा. मुलाला तो आईकडून येतो. म्हणजे माझ्याकडून. तरी वाटतं, गोधडी आधी उन्हात टाकायला काय झालं होतं? आणि लगेच वाटतं, वास तर मलाही आला होता.

आईने ती कितीदा धुतली, वाळवली. मी अजून त्याच्या अंगावर घालू देत नाही. ती विचारत नाही, मी सांगत नाही.