27 अंशांचं पाणी: हॅचरीत लस हाताळायला शिकताना

खानापूर तालुक्यात मी गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाचं काम करायचो. त्यामुळे बेळगावजवळच्या हॅचरीत लागलो तेव्हा द्रव नायट्रोजनची टाकी मला नवी नव्हती. पण वीर्याची कांडी 37 अंशांच्या पाण्यात सोडतात, ही लसीची कुपी 27 अंशांच्या. हाताची सवय मोडण्यातच बराच वेळ गेला.

लस गंबोरोवरची, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांच्या एका विषाणूजन्य रोगावरची. टर्कीत एक हर्पीस विषाणू असतो, तो कोंबडीला काही करत नाही. मरेक्स या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगाविरुद्ध 1970 च्या दशकापासून तोच टोचतात. त्याच्या जनुकसंचात आता गंबोरोच्या व्हीपी-2 प्रथिनाचं जनुक बसवलंय. हा पाहुणा पिल्लात कायमचा मुक्काम ठोकतो आणि ते प्रथिन तयार होत राहतं. खरा गंबोरो येण्याआधीच शरीराला त्याची ओळख पटते. नेहमीच्या जिवंत लसीला आईकडून आलेली प्रतिपिंडं आडवी येतात, म्हणून दिवसांचा हिशेब करून ती पाण्यातून द्यावी लागते. इथे ती कटकट नाही. पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली 0.2 मिली.

कटकट सगळी त्याआधीची. हा विषाणू जिवंत पेशींच्या आत असतो. पेशी फुटल्या की लस वाया. उणे 196 अंशांतून कुपी काढताना ती हातात फुटू शकते, म्हणून मोजे आणि तोंडावर काच. वितळली की लगेच जाड सुईने अलगद ओढायची, डायल्युएंटच्या, म्हणजे लस पातळ करायच्या द्रवाच्या, पिशवीत सोडायची, पिशवी हळूच कलंडवायची. हुक्केरीकडचे आमचे सुपरवायझर अण्णा मागे उभे राहून एवढंच म्हणायचे, "सावकाश." तयार पिशवी तासाभरात संपवायची. त्यामुळे पिल्लं ट्रेमध्ये मोजून ठेवल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा नियम मला सगळ्यात शहाणा वाटला. लसीत निळा रंग असतो. पिसं ओली निळी दिसली तर सुई चुकली.

"हा व्हायरस माणसाला लागतो काय?" असं गावात हमखास विचारतात. नाही लागत.

निपाणीकडच्या एका पोल्ट्रीवाल्या काकांचा प्रश्न जास्त कामाचा होता: "मग मानमोडीची (राणीखेतची) लस बंद करू?" मुळीच नको, काका. आमच्या पिशवीत जनुक फक्त गंबोरोचं. आणि मानमोडीसाठी याच टर्की-विषाणूवरची दुसरी लस सोबत टोचली, तर दोघी एकमेकींना अडवतात. मानमोडीची नेहमीची लस लासोटा चालूच ठेवा. शिवाय पूर्ण संरक्षण यायला दोन-तीन आठवडे जातात. तोवर शेडमध्ये बाहेरचं माणूस सोडू नका.