पद्मिनी नाइट, नोंद सातवी : काळ्यावर चढलेला पांढरा

गेला, मंडळी, पांढरा गेला! वॉरहॅमर ४०,००० या खेळातल्या नाइटचं, म्हणजे माणूस आत बसून चालवतो त्या अवाढव्य यंत्रयोद्ध्याचं, प्लास्टिकचं मॉडेल मी रंगवते आहे. अकरा दिवस त्याच्या मांडीच्या आणि नडगीच्या पत्र्यांवर बसलेली वार्निशची पांढरी साय काल रात्री माझ्या डोळ्यांदेखत विरघळली आणि खालचा काळा जसाच्या तसा वर आला. आनंदाने हात थरथरत होते, त्यामुळे फोटो हललेत. तरी तेच ठेवणार आहे.

सहाव्या नोंदीत कुठे थांबले होते ते आठवत असेल. क्वेस्टोरिस जातीच्या या नाइटचा सांगाडा लेडबेल्चर (धातूचा रंग) आणि नल्न ऑइल (पातळ काळा वॉश) यांत पूर्ण, चिलखताचे पत्रे सुटे ठेवून रंगवलेले, वरचं कॅरापेस, म्हणजे पाठीवरचं कवच, पिवळं, बाकी सगळं काळं, कडा पितळी. खेळातल्या कुठल्याही घराण्याचा नाही, फ्रीब्लेड म्हणजे एकटा लढणारा; आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीच्या नावाने. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. बाबांनी अठरा वर्षं पद्मिनी चालवली. या रंगात मला कुठेही कसर ठेवायची नव्हती.

आणि नेमकं शेवटच्या पायरीवर घात झाला. त्या रविवारी सकाळभर कोसळून दुपारी पाऊस थांबला, गॅलरीत चक्क ऊन आलं. मला वाटलं, हीच वेळ. मॅट वार्निशचा कॅन पूर्ण दोन मिनिटं हलवला, पत्रे काड्यांवर टोचले, फुटभर अंतरावरून दोन हलके हात मारले. ओला असताना काळा इतका सुंदर दिसत होता! पाचेक मिनिटांत नडगीच्या मधोमध धुरकट ठिपका आला, मग तो पसरला. द्राक्षांवर पांढुरकी लव असते ना, अगदी तशी. पिवळ्यावर ती जेमतेम कळत होती. काळ्यावर मात्र राख फासल्यासारखं दिसत होतं. चार महिन्यांचं काम होतं ते. मी खुर्चीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही.

पहिला संशय कॅनमधली मॅट पावडर गुठळून बसली असेल, हा. पण नखाने घासून पाहिलं तर काहीच सुटत नव्हतं आणि पृष्ठभाग गुळगुळीत होता. म्हणजे पांढरा थरावर नव्हता, थराच्या आत होता. हेअर ड्रायरने काहीही फरक पडला नाही. ‘वरून अजून एक हात मार, आपोआप बसेल’ हा सल्ला ऐकून एका गुडघ्याच्या वाटीवर तसं केलं, तर ती आणखी पांढरी झाली. हा सल्ला पावसाळ्यात कुणी कुणाला देऊ नका. ब्रशने ग्लॉस वार्निश लावल्यावर सपाट भाग बरेच सुधारले, पण कडेच्या पट्टीखाली आणि रिव्हेटांभोवती पांढऱ्या रेघा तशाच राहिल्या. खोबरेल तेलाचं बोट फिरवूनही पाहिलं. दिसायला छान, पण ओशट भागावर पुढे काही धरणार नाही, म्हणून साबणाच्या पाण्याने पुसून टाकलं.

उत्तर मिळालं ते आमच्याच चाळीत. खालच्या मजल्यावरचे सुतारकाका जन्मभर फर्निचरला लॅकर मारत आलेत. मी नडगीचा पत्रा घेऊन गेले, “काका, हे जरा बघता का?” त्यांनी तो उजेडाकडे तिरका धरला आणि लगेच म्हणाले, “पावसाने पांढरं मारलंय गं. पॉलिशलाही असंच होतं. थिनर उडताना गारठा धरतो, हवेतलं पाणी आत जातं. स्लो थिनर घे, रिटार्डर म्हणतात बघ. त्याचा फवारा दे, पाणी निघून जाईल.”

घरी येऊन ते आकड्यांत मांडलं आणि सगळं लख्ख कळलं. त्या दुपारी गॅलरीत २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता होती. अशा हवेचा दवबिंदू साधारण २६ अंश येतो. म्हणजे पत्रा फक्त तीन अंशांनी थंड झाला की त्यावर दव धरणार. कॅनमधला द्रावक झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. तीन अंश म्हणजे त्याला काहीच नाही. ते दव ओल्या वार्निशात अडकतं, वरचा थर वाळतो आणि आतल्या बारीक पोकळ्या उजेड विखुरतात. तोच आपल्याला दिसणारा पांढरा. याउलट एसी लावलेल्या खोलीत २६ अंश आणि ५५ टक्के असेल तर दवबिंदू १६ च्या आसपास राहतो, दहा अंशांची मोकळीक मिळते. आपण सगळे नुसती आर्द्रतेची टक्केवारी बघत बसतो. खरं बघायचं ते तापमान आणि दवबिंदू यांतलं अंतर. ऊन पडलं म्हणून मी फसले. पाऊस थांबला तरी हवेतलं पाणी कुठेही गेलेलं नव्हतं.

रिटार्डर हळू उडतो, त्यामुळे गारठा कमी धरतो. तो थर पुन्हा सैल करतो आणि अडकलेल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळतो. पण तोच थिनर प्लास्टिकही खातो आणि खालचा ॲक्रिलिक रंगही उचलू शकतो. म्हणून आधी चमचे. प्लास्टिकच्या तीन चमच्यांना तोच प्रायमर, तोच काळा, आणि मुद्दाम भर दमट हवेत तेच वार्निश. तिन्ही छान पांढरे झाले. मग ०.३ मिमी नोझलच्या एअरब्रशने १५ पीएसआयवर निव्वळ स्लो थिनर. पहिल्या चमच्यावर दहा सेंटिमीटरवरून मारलं, तर काळा ओघळलाच. दुसऱ्यावर हातभर लांबून, ओलं दिसेल न दिसेल इतकाच फवारा. दहा सेकंदांत पांढरा नाहीसा आणि काळा शाबूत. तिसऱ्यावर डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चित्र, होतं. पांढरा गेला, पण डेकलची कड सुरकुतली.

हे कळल्यावर पत्र्यांवरच्या डेकलवर मास्किंग टेप लावली आणि काल रात्री गॅलरीत बसले. ऑरगॅनिक व्हेपरची काडतुसं असलेला मास्क चढवला, आत गॅस, देव्हाऱ्यातला दिवा सगळं बंद ठेवायला सांगितलं. एक फवारा, दोन मिनिटं थांबायचं, मग दुसरा. तिसऱ्या वेळी उजव्या नडगीवरची साय मधूनच फाटली आणि कडेकडे सरकत गेली. रिव्हेटांभोवतीच्या रेघासुद्धा गेल्या! सोळा पत्रे व्हायला अडीच तास लागले. दोनदा वार्निश लावलेली ती गुडघ्याची वाटी मात्र पूर्ण सुटली नाही. ती खरवडून पुन्हा रंगवेन.

काम चालू असताना एअरब्रशमधून दोनदा पाण्याचे थेंब थुंकले गेले. कंप्रेसरचा पाणी अडवणारा ट्रॅप पुरत नाही, कारण गरम हवा नळीत पुढे जाऊन गार होते आणि तिथे पाणी सुटतं. ब्रशच्या अगदी खाली लागणारा छोटा ट्रॅप आता घेतलाय. मुंबईत जून ते सप्टेंबर एअरब्रश चालवणाऱ्याने नवीन रंगांच्या आधी त्यावर पैसे घालावेत. आणि कॅनचं वार्निश यापुढे दिवाळीनंतरच. पावसात वालेहो कंपनीचं पाण्याचं वार्निश, एसी तासभर चालवून बंद खोलीत. ते सावकाश वाळतं, पण त्या सावकाशपणामुळेच पत्रा एवढा गारठत नाही.

या सगळ्यात पाटीचं सांगायचं राहिलंच. पिवळ्या पाटीवर काळ्यात ‘एमएच ०१’, कमरेच्या पत्र्यावर, डेकल मऊ करणाऱ्या मायक्रो सोलचे तीन हात दिल्यावर रिव्हेटांवरूनसुद्धा रंगवल्यासारखी बसली आहे. डेकल पारदर्शक कागदावर लेझर प्रिंटरने काढलं. इंकजेटने काढाल तर पाण्यात घालण्याआधी वार्निश द्यावंच लागतं, नाहीतर शाई पसरते. काळी अक्षरं पिवळ्यावर असल्यामुळे पांढऱ्या शाईचा प्रश्नच आला नाही.

आता बेत बदललाय. पूर्ण मॅट करायचं ठरवलं होतं, लढून आलेलं यंत्र दिसावं म्हणून. पण काल पांढरा उतरल्यावर काळ्याला जी मंद चकाकी आली, ती पाहून मी थबकले. टॅक्सी पुसून झाल्यावर बॉनेटवर असायची तीच चकाकी. त्यामुळे चिलखत सॅटिन, म्हणजे अर्धवट चकाकीचं, ठेवणार, मॅट फक्त सांगाडा आणि पायांवरचा चिखल. १७० बाय १०९ मिमीच्या लंबगोल बेसवर खडी नको, ओला डांबरी रस्ता करते. चकाकणारं काळं त्यावरच शोभेल. स्पंजने चिपिंग (रंग उडाल्याचे डाग) करायचं होतं, तेही आता फक्त पायांच्या बोटांवर आणि चेनसॉर्डवर, म्हणजे त्याच्या करवती तलवारीवर.

लिहिता लिहिता बाबा मागे येऊन उभे राहिले. कॅरापेस हातात घेऊन फिरवलं आणि विचारलं, “मीटर कुठाय?” खरंच, मीटर हवाच! जुना यांत्रिक, झेंडावाला. प्लास्टिकार्डच्या (पातळ प्लास्टिक शीटच्या) अर्ध्या मिमीच्या पट्ट्यांतून डबी होईल, काचेला पारदर्शक रेझिनचा थेंब. मी ती उजव्या खांद्यावर धरून दाखवली, तर म्हणाले, “डावीकडे. काचेच्या बाहेर.” झेंडा एक मिमीच्या पितळी तारेवर फिरता ठेवते आहे, म्हणजे नाइट खेळायला टेबलावर उतरला की हाताने खाली करता येईल. पहिला झेंडा कापून झालाय, जरा जाड वाटतोय. दुसरा कापायला घेते.