बहात्तर तास हत्यारं कोण देत होतं?

आमच्या नर्सिंगच्या सेकंड इयरच्या मुलींना सहलीला मुंबईचं म्युझियम हवं होतं. मागणी रास्त होती. २०१२च्या शेवटी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियममधली ममी आली होती, ती मी पाहिली आहे आणि तेव्हापासून वर्गात तिच्याबद्दल सांगत असते. नेस्पेरेन्नुब नावाचा इजिप्तचा पुजारी. पट्ट्या न सोडता त्याचा सीटी स्कॅन केला, तेव्हा डोक्याला चिकटलेलं मातीचं भांडं दिसलं. देह टिकवण्यासाठी राळ ओतताना ते बहुधा चिकटलं आणि निघेना, म्हणून तसंच गुंडाळून टाकलं. कुणा कामगाराच्या हातून झालेली ही गोष्ट अठ्ठावीसशे वर्षांनी उघडकीस आली! मला त्या पुजाऱ्यापेक्षा तो कामगार जास्त लक्षात राहिला.

पण वॉर्डात माणसं कमी, मुंबईसाठी सुट्टी मिळेना. अर्धा दिवस मिळाला. मी मुलींना घेऊन इथल्याच, सोलापुरातल्या भैय्या चौकात गेले, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी. १० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचा जन्म या घरातच झाला आणि आता तिथे स्मारक आहे. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडून शिकायला आलेल्या मुलींचं सोडाच, सोलापुरात वाढलेल्या मुलींनीही ते आतून पाहिलं नव्हतं.

सुरुवातीला सगळ्या शाळेच्या सहलीला आल्यासारख्या फिरल्या. पाटी वाचायची, फोटो काढायचा, पुढे सरकायचं. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेलं, त्यात कोटणीस होते, हे त्यांना पुस्तकातून ठाऊक होतं. चित्र बदललं ते शस्त्रक्रियेच्या एका फोटोपाशी. एकीने सहज विचारलं, "मॅडम, इथं ऑटोक्लेव्ह कुठं असेल?" म्हणजे ऑपरेशनची हत्यारं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र. मग थांबेचनात. पाणी कुठून आणत असतील? ड्रेसिंगचं कापड धुऊन परत वापरत असतील का? रात्री उजेड कशाचा?

मी त्यांना डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची हकिकत सांगितली. हे कॅनडाचे सर्जन तिथेच, आघाडीवर काम करत होते. ऑपरेशन करताना बोटाला जखम झाली, हातात ग्लोव्ज नव्हते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. पेनिसिलिन तेव्हा रुग्णांपर्यंत पोहोचलेलंच नव्हतं. त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१मध्ये संचालक झाले. ग्लोव्ज घालायचा कंटाळा करू नका म्हणून मी वॉर्डात किती ओरडते! त्या दिवशी ओरडावं लागलं नाही.

पुढे १९४०च्या लढाईचा विषय निघाला. जखमींची रीघ लागली होती आणि कोटणीसांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. आमच्या मुली लगेच हिशोबाला बसल्या, आठ तासांची एक म्हणजे नऊ ड्युट्या, मध्ये हॅन्डओव्हर नाही. तेवढ्यात अक्कलकोटची एक मुलगी, एरवी वर्गात तोंड न उघडणारी, म्हणाली, "मॅडम, डॉक्टर बहात्तर तास उभे होते म्हणं. मग त्यांना हत्यारं कोण देत होतं ओ?"

सगळ्या गप्प झाल्या. मी इतकी वर्षं ही गोष्ट सांगत आले, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला कुणीतरी होतंच. चिमटे मोजणारं, कापूस पुरवणारं, जखमीचा हात धरून ठेवणारं. त्यांची नावं आम्हाला काही सापडली नाहीत.

एक नाव मात्र मी सांगू शकले आणि सांगताना माझा आवाज भरून आला. क्वो छिंगलान. कोटणीसांची पत्नी एवढीच तिची ओळख बहुतेकांना असते. ती नर्सिंग शिकवायची! माझंच काम, तेही युद्धाच्या धामधुमीत. दोघांचं लग्न १९४१मध्ये झालं, पुढच्या वर्षी मुलगा झाला. त्याचं नाव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. मुलगा काही महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, कोटणीस अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वय अवघं ३२. मुली परत मागे वळल्या आणि तिचे फोटो शोधू लागल्या. आता कुणी मोबाइल काढला नाही, जवळ जाऊन नीट बघत होत्या.

नर्सिंगचा इतिहास आम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरू करतो आणि ते बरोबरच आहे. पण सोलापुरात शिकणाऱ्या मुलीला क्वो छिंगलान माहीत नसावी, हे मला पटत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर तास घेतला आणि मुलींना काम दिलं: वीज नाही, नळ नाही, खेड्यातलं एक घर आहे आणि जखमी दारात आहेत, ओ.टी., म्हणजे ऑपरेशनची खोली, कशी लावाल ते लिहा. अक्कलकोटच्या मुलीने आधी चूल लिहिली, मग दोन पातेली, एक हत्यारांना आणि एक कापडाला, आणि पाणी आणायला वेगळा माणूस, ज्याने जखमेला हात लावायचा नाही. त्या पानावर मला लाल पेन चालवावं लागलं नाही.

मुंबईची परवानगी मी पुन्हा मागितली आहे. ती मिळेल तेव्हा मिळेल, नव्या बॅचला भैय्या चौकात मात्र पहिल्याच महिन्यात नेणार आहे.