बाजारातला पोरगा

आज घाटंजीच्या बाजारात एक पोरगा पेन विकत होता. दर गिऱ्हाईकाला नवा आवाज! "घे ना काका, दहाले दोन," हे थेट सिनेमातल्या निळूभाऊ फुलेंच्या आवाजात. माणसं कापसाच्या भावाचं दुःख विसरून हसत होती.

मला जॉनी लिव्हर आठवले. धारावीत वाढले, सातवीत शाळा सुटली, रस्त्यावर नटांच्या नकला करत पेनच विकायचे. मग हिंदुस्तान लिव्हरमध्ये कामगार. तिथं साहेबांच्या नकला केल्या न् 'लिव्हर' नाव चिकटलं. पुढं ३०० वर सिनेमे, पैसा, मान. तरी त्या गरिबीबद्दल ते आजही मोकळेपणानं बोलतात, मला हेच फार मोठं वाटतं.

चार पेन घेतले. पोराची बोटं शाईनं निळी झाली होती.