महिला मंडळाची जुनी फाईल मिळवताना: माझा अनुभव

फोंड्यातल्या एखाद्या जुन्या संस्थेचा इतिहास कोणी लिहायला घेत असेल, तर आधी हे वाचा. जानेवारी 2015 मध्ये फोंडा तालुका उत्तर गोव्यातून (मुख्यालय पणजी) दक्षिण गोव्यात (मुख्यालय मडगाव) गेला. तालुका गेला म्हणून त्याचे जुने कागद त्याच्यामागून गेलेच असतील असं धरून चालू नका.

आमचं महिला अभ्यास मंडळ गोवा मुक्तीनंतरच्या पहिल्या दशकातलं. दुपारची कामं आटोपून बायका जमायच्या, एकीने वाचायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. इतिवृत्ताच्या वह्या जुन्या सभासदांच्या घरांतून भराभर मिळाल्या. 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाआधी गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याच्या बाजूच्या आणि विरोधातल्या, दोन्ही मतांच्या बायका एकाच सतरंजीवर बसून वाद घालत होत्या, हे त्या वह्यांत आहे. पोर्तुगीज नागरी कायद्याने नवऱ्याच्या मिळकतीत बायकोचा अर्धा वाटा कसा ठरतो, यावर तर ओळीने बैठका झाल्या. सासरी कोणी हे सांगितलं नसतं, ते इथे शिकल्या.

नव्हती ती फक्त पहिली वही. मंडळ कोणी स्थापन केलं हेच त्यामुळे कळेना. 1860 च्या सोसायटी कायद्याप्रमाणे नोंदणीला किमान सात जणांच्या सह्या लागतात आणि कार्यकारिणीची नावं, पत्ते, व्यवसाय द्यावे लागतात. म्हणजे नोंदणीच्या फाईलीत ते असणारच.

इथून माझी फरफट सुरू झाली. एका कार्यालयात खिडकीपलीकडून उत्तर आलं, “फायल हांगा ना, मडगांवां विचारात.” मडगावला गेले तर, “पन्नी फायल पणजेंत आसतली,” म्हणजे जुनी फाईल पणजीत असेल. पुन्हा गेले तर नोंदणी क्रमांक मागितला. क्रमांक प्रमाणपत्रावर, प्रमाणपत्र हरवलेलं, आणि त्याची प्रत मागायलाच तर मी आले होते! मग म्हणे, तुम्ही अध्यक्ष आहात त्याचं पत्र आणा. पत्र नेलं, तर त्या दिवशी साहेब रजेवर. एकाही माणसाने कपाट उघडून बघितलं नाही, याचा राग अजून जात नाही. साठ वर्षं चाललेलं बायकांचं काम, त्याची किंमत टेबलापलीकडे बसलेल्याला काडीची नव्हती.

त्याच सोसायटी कायद्याचं कलम 19 मला फार उशिरा वाचायला मिळालं. नोंदणी कार्यालयातले दाखल कागद फी भरून कोणीही पाहू शकतो, प्रमाणित प्रत मागू शकतो. अध्यक्ष असायची गरजच नाही. तोंडी विचारू नका, कलम लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या.

त्यासोबत मी माहिती अधिकाराचा अर्जही दिला. त्यात कलम 6(3) चा उल्लेख जरूर करा. माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठवणं ही त्यांची जबाबदारी, आपण बसचे धक्के खायचे नाहीत. उत्तराची मुदत तीस दिवसांची. मुदत संपायच्या आत निरोप आला. फाईल पणजीतच होती, दोरीने बांधलेली, वरच्या फळीवर.

हो, एक राहिलंच. घरी सापडलेल्या वह्या फाटल्या असतील तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. पानांचे क्रमांक पेन्सिलीने घाला. आपल्या पावसाळ्यात लोखंडी कपाट बंद ठेवलं की बुरशी धरते, तेव्हा ऊन पडेल तेव्हा उघडून हवा लागू द्या. बातम्या शोधायच्या असतील तर पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं मागा. तिथल्या माणसांनी मला मनापासून मदत केली.

प्रमाणित प्रतीवर सातही सह्या स्पष्ट आहेत. व्यवसायाच्या रकान्यात दोघी शिक्षिका, एक शिवणकाम करणारी, बाकी गृहिणी. सहा जणींच्या घरच्यांना प्रत पोचवली. सातवीचा पत्ता बांदोड्याचा आहे, तिच्या माहेरच्यांकडे चौकशी चालू आहे.